न आलेलीचा वाटा

भागीमावशी, आधी तुझं नाव लिहिते, मग बाकीचं. मी आगबोटीत बसले, जयगडचा किल्ला पाहिला, सासर पाहण्याआधी सासूचा आवाज ऐकला आणि पुढे फारसं न भिता बोहल्यावर उभी राहिले, हे सगळं तुझ्यामुळे. एवढं कागदावर आलं की माझा जीव जरा खाली बसेल. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. सांगायला बसले की वाहवत जाते आणि मुख्य तेच राहून जातं.

तू गेल्याचं धाकट्या दिरांकडून कळलं. ते परवा जयगडहून इथे कराचीला आले, बरोबर आमसुलं आणि फणसाची साठं घेऊन. चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, ती तुमच्या शाळेची भागी गेली हो. होळीच्या आधीच." मी भाकरी थापत होते. ती थापून झाली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. सगळं नीट झालं. पुढच्या भाकरीला पीठ घेतलं तेव्हा लक्षात आलं, की मला 'मथी' म्हणणारं आता कोणी उरलं नाही. आई-बाबा आधीच गेले. लग्नात माझं नाव सुशीला ठेवलं, आणि इथे सगळ्यांना तेवढंच माहीत. तुला मात्र ते नाव शेवटपर्यंत जमलं नाही. "सुशीला कोण गो? मी मथीला वळखते," म्हणायचीस.

त्या दिवशी भाकऱ्या जरा जाड झाल्या. 'ह्यांनी' त्या तशाच खाल्ल्या.

आमच्या कुसुमला मी सांगते, की आम्हां मुलींना शाळेत न्यायला रोज घरी बाई यायची, तर तिला हसू येतं. "का? तुम्हांला वाट माहीत नव्हती?" वाट माहीत होती गं बये, पण मुलगी एकटी वाटेवर दिसणं बरं नव्हतं, आणि घरच्यांना मुलीला शाळेत पाठवायची आठवण तरी कोण करणार? म्हणून शाळेने तुला ठेवलं होतं. सकाळी घरोघर फिरून मुली गोळा करायच्या, संध्याकाळी पुन्हा ज्याच्या त्याच्या दारात सोडायच्या. तुझ्या हातात काथ्याची दोरी असायची, तिला अंतराअंतरावर गाठी. प्रत्येकीची गाठ ठरलेली. लांबच्या घरची मुलगी पुढे, जवळच्या घरची मागे, आणि सगळ्यांच्या मागे दोरीचं टोक धरून तू. आमचं घर शाळेला सगळ्यात जवळ, म्हणून माझी गाठ शेवटची, तुझ्या हाताजवळची. मोठ्या बाईंनी एकदा विचारलं होतं, "भागीबाई, तुम्ही पुढे का नाही चालत?" तू म्हणालीस, "फुडं चालून काय करू? पोरी मागं हायत." बाई शाळेच्या मुख्य, पण तुझ्या दोरीत कधी हात घालत नसत.

आणि आई. तिच्याजवळ सबबी तयारच असायच्या. आज पाहुणे यायचेत. आज हिचं अंग कोमट आहे. आज धाकट्याला कोण घेणार. तू कधीच "पाठवता काय?" असं विचारलं नाहीस. सगळं ऐकून घ्यायचीस, "व्हय तर, व्हय तर" करायचीस आणि मग ओटीवर बसून म्हणायचीस, "वेणी झाली काय? नाय? आणा फणी हिकडं." वेणी घालता घालता सबब कुठे जायची कोण जाणे. वेणी घातलेली मुलगी घरात ठेवून करायची काय, असं आईलाच वाटायला लागायचं. हे तुझं तंत्र आहे, हे मला फार उशिरा कळलं. मला आपलं वाटायचं, तुला वेण्या घालायची हौस आहे.

मी सहावीत असताना मोठ्या बाईंनी सहल ठरवली. "पुस्तकात आरमार, आरमार वाचता. एकदा आरमाराचा किल्ला डोळ्यांनी बघा," म्हणाल्या. रत्नागिरीचा किल्ला आम्ही देवीला जायचो म्हणून पाहिलेला. हा जयगडचा, खाडीच्या तोंडावरचा. बैलगाड्यांनी जायचं, वाटेत मालगुंडला मुक्काम करायचा. माझ्या तर अंगात आलं होतं. मी दोरीची गाठ सोडून उड्या मारल्या म्हणून तू मला धपाटाही घातलास.

त्याच आठवड्यात माझं लग्न ठरलं. स्थळ कुठलं, तर जयगडचं.

तुला आठवतं, मी सकाळी गप्प होते. तू विचारलंस, "काय गो, दात दुखतो?" मी मान हलवली. खरं तर दोन गोष्टी दुखत होत्या आणि त्यांतली एकच मला सांगता येत होती. पहिली अशी, की आपल्याकडे लग्न ठरलेल्या मुलीने अक्षता पडायच्या आधी सासरच्या गावची शीव ओलांडायची नाही. म्हणजे सहल गेली. आईने तसं सांगूनही टाकलं. दुसरी गोष्ट, मला सासर या शब्दाचीच भीती वाटत होती. आमच्या शेजारची अंबूताई माहेरपणाला आली की पहिले काही दिवस नुसती झोपायची. जेवायला उठायची, पुन्हा झोपायची. मी आईला विचारलं, ही एवढी का झोपते? आई म्हणाली, "सासरहून आलीय." त्या उत्तराने माझी झोप गेली होती. ती गोष्ट मी तुलाही सांगितली नाही. पण शेवटच्या गाठीवर चालणाऱ्या मुलीचा हात कसा घट्ट झालाय ते दोरीच्या टोकाला कळत असणार.

दुसऱ्या दिवशी तू आईला म्हणालीस, "मथी सहलीला नाय काय वैनी?"

"कशी येईल? गाड्या शिवेवरूनच आत जाणार. तिकडची माणसं म्हणतील, नवरीला धीर नाही, आधीच घर बघायला आली."

"व्हय, ते खरं."

"मग?"

"मगे काय नाय. मी आपली शिवेचा इचार करत्ये."

आणि तू खरंच विचार केलास. त्याच्या दुसऱ्या दिवशी वेणी घालताना, माझे केस ओढत, तू सहज विचारावं तसं विचारलंस, "वैनी, शीव असते कुठं?"

"कुठं म्हणजे? गावाच्या टोकाला. शिवेचा दगड असतो ना."

"दर्यात दगड हाय काय?"

आई पोळी लाटायची थांबली. आत झोपाळ्यावर बाबा सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ताही थांबला.

"बोटीनं गेलं तर कुठली शीव वलांडली? बोटीतून उतरलं की वर किल्ला. किल्ला काय गावाचा हाय? सरकारचा. सायबाची बोट, सरकारचा किल्ला. गावच्या वाटेला जायला नको, देवळात नको, इहिरीवर नको. आली तशी बोटीत बसली, घरी आली. मी सांगत्ये ते चूक काय? तुमीच सांगा."

बाबा आतून म्हणाले, "भागी, कोर्टातल्या वकिलांच्या पोटावर पाय आणशील."

आई म्हणाली, "पण बाई गाड्यांनी नेणार आहेत ना?"

"ते मी बघत्ये," तू म्हणालीस आणि माझ्या वेणीला शेवटचा पीळ दिलास.

बाईंना तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही. वर्गात त्या एवढंच म्हणाल्या, की भागीबाईंच्या म्हणण्याप्रमाणे रस्ता खराब आहे, मालगुंडला एवढ्या मुलींची झोपायची सोय होणार नाही, तेव्हा आपण सकाळच्या आगबोटीने जाऊन संध्याकाळच्या बोटीने परत येऊ. शिवेचं त्यांना तेव्हा कळलं नाही. आगबोट म्हटल्यावर वर्गात जो आवाज झाला तो बंदरापर्यंत ऐकू गेला असेल.

आईने अटी घातल्या. गावात पाऊल टाकायचं नाही. कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आणि कुणी ओळखायला नको, म्हणून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारून दिली. परकर-पोलकं आणि डोक्याला फडकं. बाकीच्या मुली वेण्यांत अबोलीचे वळेसर घालून आलेल्या. मला फार वाईट वाटलं. तू म्हणालीस, "राहू दे. दर्यावर वारा असतो."

बोटीत तू बदललीस. एरवी तुझं तोंड बंद नसे, आणि त्या दिवशी तू डेकवर मध्यभागी, समुद्राकडे पाठ करून बसलीस. दोरीचं टोक मनगटाला गुंडाळलेलं. मुलींना ओकाऱ्या यायला लागल्या तशी एकेकीच्या तोंडात आमसूल देत होतीस, पण जागची उठली नाहीस. मी तुझा हात ओढला. "मावशी, बघ गो, केवढं शिडाचं गलबत." तू म्हणालीस, "तू बघ. माझं बघून झालंय." मला वाटलं, तुलाही मळमळतंय.

मी बघितलं सगळं. डोंगर मागे मागे जात होते, आणि जी गावं मी फक्त नावाने ऐकली होती ती किनाऱ्यावर बसलेली दिसत होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपलं घर ज्या जमिनीवर आहे ती इतकी मोठी आहे, आणि त्यातलं कुठलं ना कुठलं गाव आपल्याला चालेल.

जयगडला बोट खाडीच्या तोंडाशी उभी राहिली. किनाऱ्याला नेणारा पडाव आला, त्यात आम्ही एकेक उतरलो. किनाऱ्यावरची माणसं बघायला गोळा झालेली. मुलींची शाळा बोटीतून उतरते आहे, हे त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं असणार. मी मान खाली घालून चढाला लागले. शीव ओलांडली की नाही, याचाच विचार चाललेला. ओल्या वाळूवर माझं पाऊल उमटलं, तेव्हा मी थांबून विचारलं, "मावशी, ही वाळू गावाची की दर्याची?" तू म्हणालीस, "भरती आली की दर्याची. चल."

किल्ल्याच्या दारात तू दोरी सोडलीस. "जावा. बाईंच्या मागनं जावा, आणि तटाच्या कडेला जाऊ नका." मुली सुटल्या. तू मात्र दारातच बसलीस, दोरी मांडीवर गुंडाळत. बाईंनी बोलावलं तरी आली नाहीस. "मी हितं बसत्ये. दाराला माणूस पायजे." किल्ल्याला दार राखायला माणूस लागतो म्हणून बाई हसल्या. आम्ही वर गेलो. बाईंनी बुरूज दाखवला, तोफा कुठे असतील ते दाखवलं, शत्रूची गलबतं कुठून दिसत ते सांगितलं. मी जांभ्याच्या दगडावर हात ठेवून समुद्राकडे बघत होते. दगड उन्हाने तापलेला होता. माझ्या आयुष्यात मी इतक्या उंचावर कधी उभी राहिले नव्हते. डोक्यावरचं फडकं वाऱ्याने फडफडत होतं आणि मला ते काढावंसं वाटत होतं.

तेवढ्यात तू पायऱ्यांच्या खाली येऊन मला खूण केलीस. मी धावत आले. तू माझा दंड धरलास आणि मला दाराच्या आतल्या देवडीत ढकललंस. पूर्वी पहारेकरी बसायचे ती अंधारी खोली. वटवाघळांचा वास. "हितून हलू नको," म्हणालीस. मी भिंतीला टेकले. बाहेर बायकांचे आवाज आले, चढून आल्यामुळे धाप लागलेले.

"कुठल्या शाळेच्या गो पोरी?"

हा आवाज जरा घोगरा होता. विहिरीवरून हाका मारायची सवय असलेला.

"रत्नागिरीच्या," तू म्हणालीस.

"त्यात मथुरा म्हणून कोण हाय काय?"

मी भिंतीला आणखी चिकटले.

"मथुरा हाय, द्वारका हाय, काशी हाय. सगळी तीर्थं आणलीत आमी."

बायका हसल्या. घोगरा आवाजही हसला. मग म्हणाला, "आमच्या मधल्याला ठरलीय ती मथुरा."

"ती? ठरलेली पोर लगनाआधी सासरच्या गावात येईल काय? तुमीच सांगा."

वाऱ्याचा आवाज येत होता. मी इतकी घाबरले होते, की मला वाटलं माझा श्वास बाहेर ऐकू जाईल आणि लग्न मोडेल, आणि आई मला अंबूताईसारखी झोपू पण देणार नाही.

"नाय येणार," घोगरा आवाज म्हणाला.

"मगे नाय आली."

"बरं झालं नाय आली ते. आली असती तर तिला हाताने देणं बरं दिसलं नसतं. हे गूळपोहे हायत, नारळाच्या रसातले. सगळ्या पोरींला द्या. आणि ह्यो द्रोण बाजूला ठेवा."

"ह्यो कुणाचा?"

"नाय आलेलीचा वाटा."

मावशी, मी ते वाक्य देवडीत उभी राहून ऐकलं. मी खाली बसले. तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं, की सासर म्हणजे असं बोलणारी बाईही असू शकते.

त्या गेल्यावर तू द्रोण आत घेऊन आलीस. मी म्हटलं, "आईने सांगितलंय, कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही." तू म्हणालीस, "पाणी नको म्हणाली. पोह्याचं काय बोलली?" मी खाल्ले. सगळ्या मुलींच्या पोह्यांत नुसतं खोबरं होतं. माझ्या द्रोणात वर ओले काजूगर होते, मूठभर.

परतताना तू पुन्हा समुद्राकडे पाठ करून बसलीस. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. घरी आईने विचारलं, "कोणी बघितलं नाही ना हिला?"

"कुणाला? मथी गावात गेलीच कुठं?" तू म्हणालीस, आणि पुढच्या मुलीला सोडायला निघालीस.

मग ती सकाळ आली. लग्नाची तयारी सुरू झाली आणि माझी शाळा बंद झाली. तू सवयीने दारात येऊन हाक मारलीस, "मथे, आटपलं काय?" आई बाहेर आली. "भागी, आता ती नाही यायची." तू दोरी धरून उभी राहिलीस. पुढे मुली उभ्या, शेवटची गाठ मोकळी. मला वाटलं, आता तू शिवेसारखं काहीतरी काढशील. तू म्हणालीस, "वेणी तेवढी घालून जात्ये." ओटीवर बसलीस, वेणी घातलीस, नेहमीपेक्षा सावकाश, आणि गेलीस. वेणी घातलेली मी दिवसभर घरात बसून होते.

त्यावरून मी तुझ्याशी पुढे भांडलेही. एकदा माहेरी आले होते तेव्हा म्हटलं, "सहलीसाठी आईला एवढं समजावलंस, शाळेसाठी का नाही बोललीस?" तू म्हणालीस, "शिवेला दगड असतो गो. त्याला वळसा घालता येतो. लगनाला कुठनं वळसा घालू?" मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलं असं नाही. पण तुला जेवढा वळसा घालता येत होता तेवढा तू घातलास, हे मला आता दिसतं.

सासरी पहिल्या दिवशी जेवायला बसले. सासूबाई वाढत होत्या. तोच घोगरा आवाज. मी मान वर केली नाही, पण भ्यायलेही नव्हते. त्यांनी माझ्या पानात काजूगरांची उसळ वाढली आणि हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी नाय आलेलीला दिले. आता आलेलीला." मी इतकी हसले की घास घशात अडकला. नव्या नवरीने पहिल्याच दिवशी असं हसावं, हे इतरांना आवडलं नसेल. त्यांना आवडलं.

पुढे त्यांनीच सांगितलं, की पडावातून मुली उतरल्या तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. "सगळ्या पोरींच्या वेण्या दिसत होत्या. एकटीचं डोकं बांधलेलं. लपवायची ती हीच, हे बघणाऱ्याला कळणार नाय काय?" म्हणजे आईने मी ओळखू येऊ नये म्हणून जे केलं, त्यानेच मी ओळखू आले. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू किती खूश झालीस. "बघ, तुझ्या आयेचं फडकं. आणि तू माझ्यावर संशय घेत होतीस."

संशय मी अजून घेते, मावशी. आपलं खरं भांडण तेच. माझं म्हणणं, तूच जयगडला आधी निरोप धाडला होतास. कारण ओले काजू सोलायला वेळ लागतो, बोटांना चीक लागतो, मूठभर गर काढायचे तर अर्धी सकाळ जाते. मी पडावातून उतरल्यावर मला बघून त्या घरी गेल्या, गर काढले, पोहे केले आणि किल्ला चढून आल्या, हे कसं जमेल? मी हे मांडलं की तू दर वेळी वेगळंच काहीतरी बोलायचीस. कधी म्हणायचीस, "त्यांच्या घरात गर असतीलच की." कधी म्हणायचीस, "लय शिकलीस हां मथे." शेवटच्या भेटीत, मी कराचीला निघाले त्या आधी, फारच मागे लागले तेव्हा म्हणालीस, "फुडच्या खेपेला ये, मगे सांगत्ये." पुढची खेप झाली नाही. सासूबाईंना विचारलं तर त्या सांगतील, पण मी विचारणार नाही. ते भांडण तुझं-माझं आहे. त्यात त्यांना कशाला आणायचं?

आणि ते तसंच राहिलेलं मला बरंही वाटतं. अजून तुझ्याकडे माझं काहीतरी येणं आहे, असं वाटत राहतं.

कराचीला निघताना आई मला बंदरावर पोचवायला आली होती. तू आली नाहीस. मी रुसले. आई म्हणाली, "ती कशी येईल? तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. गेला तो आलाच नाही. तेव्हापासून भागी कधी धक्क्यावर आली नाही. तुमच्या त्या सहलीला काय ती बोटीत चढली." आई ते सहज बोलली. वर बोटीची शिटी झाली, गडबड झाली, आणि मी चढले. पण बोट सुटली तशी मी डेकवर मध्यभागी जाऊन बसले, समुद्राकडे पाठ करून. तुला कसं वाटलं असेल, ते बघायचं होतं. लाटा दिसत नाहीत, पण ऐकू येतात. ते जास्त वाईट.

शीव दर्यात नसते, हे तू शोधून काढलंस तेव्हा त्या दर्यावर तुलाच जावं लागणार, हे तुला ठाऊक होतं. गाड्यांनी गेलो असतो तर तू आरामात आमच्या मागून आली असतीस. आणि मला फक्त किल्ला दाखवायचा असता तर एवढं करायची गरज नव्हती. किल्ला तिथेच होता, लग्नानंतर मी रोज बघितलाच असता. तुला मला दुसरंच काही दाखवायचं होतं. घट्ट झालेला हात तुला कळला होता. म्हणून तर मी निरोपाचं धरून बसले आहे.

मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी रीत नाही, आणि मानले असते तर तू म्हणाली असतीस, "ताप आला काय गो?"

माझं इथे बरं चाललंय. 'हे' बंदरातल्या कचेरीत आहेत, स्वभावाने त्यांच्या आईवर गेलेत. कुसुम पाचवीत आहे. शेजारच्या मुलींबरोबर ती आपली आपण शाळेत जाते. मी मात्र ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत गॅलरीत उभी राहते, आणि ती वळली की उगीच माझी मूठ आवळते, हातात काही नसताना. कधी ती म्हणते, आज डोकं दुखतंय, आज नको शाळा. मी वाद घालत नाही. "बरं बरं" म्हणते, आणि "फणी आण," म्हणते. वेणी होईपर्यंत डोकं दुखायचं थांबलेलं असतं. परवा तिने विचारलं, "आई, तू एवढी घट्ट वेणी घालायला कुणाकडून शिकलीस?" मी तुझं नाव सांगितलं. तिला एकदा सगळं सांगितलं पाहिजे. काल थोडं सांगितलं, तर तिने पहिला प्रश्न विचारला, "मग भागीआजीने किल्ला बघितला की नाही?"

नाही बघितला. तू दारातच बसून राहिलीस. एवढा दर्या ओलांडून आलीस, आणि ज्यासाठी सगळे आले ते तू पाहिलंच नाहीस. माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. माझ्या मुलीच्या आलं.

मोठ्या बाई शाळेचा अंक काढणार आहेत, त्यात हे छापतील की नाही माहीत नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ते त्या सुधारून घेतील. पण तुला सांगायचं ते सांगते. आमची रजा झाली की मी कुसुमला घेऊन येईन. जयगडला बोटीतून उतरेन, डोक्याला काही न बांधता. सासूबाईंकडून गूळपोहे करून घेईन आणि काजूगर मी सोलेन, बोटांना चीक लागला तरी चालेल. कुसुमला वर बुरुजावर पाठवीन आणि तिला सांगीन, नीट बघून ये, दोघींच्या वाटचं बघ. आणि मी दारात बसेन, तुझ्या जागी. एक द्रोण बाजूला काढून देवडीत ठेवीन, जिथून दर्या दिसत नाही तिथे. तो तुझा वाटा, मावशी. केव्हा जमेल ते सांगता येत नाही, पण ठेवल्याशिवाय राहायची नाही.